गीत कवीचं, पण चाल कुणाची? उपासनेतल्या चालींचे संगीतकार

रास्तापेठी_आल्टो

मंडळी, मदत हवी आहे. नाताळच्या आधी पुण्यात कॅम्पात एका संध्याकाळी फक्त चर्चमधल्या जुन्या चालींचा कार्यक्रम ठरतोय. सात-आठ गीतं, प्रत्येक गीताआधी चाल बांधणाऱ्या माणसाबद्दल दीड मिनिट निवेदन. गायला सोळा जण, साथीला पेटी-तबला. ऑर्गन नाही.

अडचण अशी की नेटवर शोधलं की कवीचं चरित्र मिळतं. चाल करणाऱ्याबद्दल एक तर काहीच नाही, नाहीतर डोळ्यांत पाणी आणणारी एखादी गोष्ट, जी तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी लिहिलेली असते. खात्रीचं काय सांगता येईल? आणि ऑर्गनसाठी लिहिलेल्या या चाली पेटीवर बसवताना काय सांभाळायचं?

जुनी_पेटी

आल्टोताई, आधी एक गोष्ट मनाशी पक्की करा. इंग्रजी गीतपुस्तकात शब्द आणि चाल यांचे जन्मदाखले वेगळे असतात. जुन्या छपाईत डावीकडे कवी, उजवीकडे संगीतकार. नव्या पुस्तकांत दोघंही पानाच्या तळाशी गेलेत. वर मधोमध एक नाव असतं, 'निकिया', 'ईव्हनटाइड' असं काहीतरी. ते गीताचं नाव नव्हे, चालीचं. आपल्या नाट्यपदांच्या पुस्तकात पदाच्या डोक्यावर 'चाल' लिहून दुसऱ्या पदाची पहिली ओळ देतात ना, तीच सोय. तिकडे चालीला स्वतःचं नाव ठेवतात, एवढाच फरक.

त्या नावावरून संगीतकाराच्या आयुष्याचा धागा हाती लागतो. जॉन बॅकस डाइक्स (१८२३–१८७६) घ्या. समुद्रावरच्या लोकांसाठी जी प्रार्थना गातात तिच्या चालीला त्यांनी 'मेलिता' म्हटलं. मेलिता म्हणजे माल्टा, बायबलमधल्या प्रेषित पौलाचं जहाज फुटलं ते बेट. 'हॉलिंगसाइड' हे ते राहत त्या घराचं नाव. आणि 'पवित्र, पवित्र, पवित्र' या त्रैक्याच्या (पिता, पुत्र, पवित्र आत्मा मिळून एक देव) गीताची चाल 'निकिया', कारण ३२५ साली निकियाच्या परिषदेत त्या सिद्धांताची मांडणी झाली. चाल १८६१ ची. सुरुवातीचे स्वर बघा: सा सा, ग ग, प प. तीन स्वर, तीनदा 'पवित्र'. हे मुद्दाम केलं असं बरेच जण मानतात. मुद्दाम असो-नसो, निवेदनात पेटीवर हे सहा स्वर नुसते वाजवून दाखवा, दहा वाक्यांचं काम होईल.

पुण्यासाठी यात आणखी एक दुवा आहे. त्या गीताचे शब्द बिशप रेजिनाल्ड हेबर यांचे. हेबर कलकत्त्याचे बिशप होते. १८२५ मध्ये ते पुण्यात आले आणि कॅम्पातल्या सेंट मेरीज चर्चचं समर्पण त्यांच्या हातून झालं. पुढच्याच वर्षी, एप्रिल १८२६ मध्ये, ते त्रिचनापल्लीला वारले. डाइक्स तेव्हा तीन वर्षांचे. म्हणजे ज्या चालीशिवाय हे गीत आज कुणाला आठवत नाही ती चाल कवीने ऐकलीच नाही.

भोचक

पेटीकाका, डाइक्स पाळकच होते ना? मग आयुष्य सुखाचंच गेलं असणार. 😀

जुनी_पेटी

अहो, कसलं सुखाचं! डरहॅमच्या कॅथीड्रलमध्ये प्रिसेंटर, म्हणजे उपासनेतल्या गायनाचे प्रमुख. मग १८६२ पासून तिथल्याच सेंट ऑसवल्ड चर्चचे व्हिकर, म्हणजे मुख्य पाळक. सुमारे ३०० चाली त्यांच्या नावावर आहेत. त्यांचा कल उच्च-अँग्लिकन विधींकडे: रंगीत स्टोल, धूप, वेदीकडे तोंड करून प्रार्थना. डरहॅमचे बिशप बेअरिंग याच्या सक्त विरोधात. डाइक्सना मदतनीस पाळक हवा होता. बिशपांनी अट घातली, की मदतनिसाने यातलं काहीही न करण्याची लेखी हमी द्यावी. डाइक्स १८७४ मध्ये वरच्या कोर्टात गेले, कोर्टाने हात वर केले. एवढी मोठी मंडळी (चर्चचे सभासद) एकट्याने सांभाळताना तब्येत ढासळली आणि जानेवारी १८७६ मध्ये, वयाच्या ५२ व्या वर्षी ते गेले. पंचहौद मिशनमधल्या चहाने उठलेलं ग्रामण्य ज्या गावाने पाहिलं, त्या गावाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

खडकी_टेनर

'ईव्हनटाइड' घेणारच असाल, म्हणजे 'अबाइड विथ मी'. ती विल्यम हेन्री मंक यांची (१८२३–१८८९). मंक 'हिम्स एन्शंट अँड मॉडर्न' या १८६१ च्या गीतसंग्रहाचे संगीत-संपादक होते. पुस्तकाचं नावही त्यांनीच सुचवलं. शब्द हेन्री फ्रान्सिस लाइट यांचे, १८४७ चे. लाइटने स्वतः चालही केली होती, ती मागे पडली.

मंकबद्दल दोन गोष्टी फिरतात. एक, बैठक चालू असताना दहा मिनिटांत चाल लिहिली. दुसरी, घरात दुःख असताना सूर्यास्त बघत लिहिली. दोन्ही नंतर सांगितल्या गेलेल्या आठवणी आहेत आणि दोन्ही एकदम खऱ्या असणं कठीण. निवेदनात 'पुस्तकात या शब्दांना चाल हवी होती, संपादकाने स्वतःच केली' एवढं म्हणा. खरं आहे आणि पुरेसं आहे. गांधीजींचं आवडतं गीत, आणि बीटिंग रिट्रीटला २०२१ पर्यंत वाजत होतं ते हेच, हे घालायला हरकत नाही. फक्त २०२२ पासून ते वगळलंय, तेव्हा 'अजूनही वाजतं' असं लिहू नका.

आता बसवायचं कसं. पहिली ओळ स्वरांत:

ग – ग रे | सा – प – | ध प प म | ग – – –

मोजा: २, १, १, २, २, १, १, १, १, ४. बरोबर सोळा मात्रा. गडबड शेवटच्या 'ग'पाशी होते. तिथे चार मात्रा आहेत. पेटीवाला दोनच देतो आणि पुढची ओळ उचलतो. मंडळीला श्वास घ्यायला जागा राहत नाही, मग तिसऱ्या ओळीपर्यंत मागचे बाक अर्धी मात्रा मागे पडलेले असतात. लोक ओढून गातात अशी तक्रार नंतर होते. ओढणारे लोक नसतात, पुढे पळणारी पेटी असते.

तबला या गीताला नकोच, हे माझं मत.

मात्रामोजणी

खडकीकरांशी तबल्याबाबत सहमत. पट्टीबद्दल थोडं, कारण इथे बहुतेकांचं चुकतं.

पुस्तकात 'ईव्हनटाइड' ई-फ्लॅटमध्ये असते, म्हणजे सा काळी दोन. सगळ्यात वरचा स्वर ध, म्हणजे वरची पांढरी एक. तशी सोपी, पण संध्याकाळी थकलेल्या गळ्यांसाठी पांढरी दोन घ्या. 'निकिया' मात्र तार सा पर्यंत जाते. पुस्तकांत ती डी, ई-फ्लॅट, कधी ईमध्येही असते. ईमध्ये, म्हणजे पांढरी तीनला, मागच्या बाकांवरचे पुरुष खालच्या सप्तकात उतरतात आणि चालीचा मधला डोंगरच सपाट होतो. सरळ पांढरी एक घ्या.

'न्यू ब्रिटन' (अमेझिंग ग्रेस) उलट आहे. ती सा ते सा नाही, मंद्र प ते मध्य प अशी फिरते. तिला पांढरी एक दिलीत तर खालचा प कुणाला लागणार नाही. पांढरी चार घ्या, की चाल खालच्या पांढरी एकपासून वरच्या पांढरी एकपर्यंत बसते. म्हणजे सा कुठे आहे हे बघून पट्टी ठरवू नका. सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा स्वर आधी शोधा, मग सा ठरवा.

याच चालीत तबल्याची ठरलेली चूक: ही तीन-तीन मात्रांची, दादऱ्यात बसते. पण पहिलं अक्षर समेवर नाही, समेच्या आधीच्या मात्रेवर आहे. मंद्र प आधी येतो, सम पुढच्या सा वर. तबलजीने पहिल्याच अक्षराला 'धा' मारला की पूर्ण कडवं एक मात्रा सरकतं.

शेवटचा_बाक

'न्यू ब्रिटन'चे स्वर सा रे ग प ध एवढेच. भूपाचे. म्हणून आपल्या कानाला लगेच ओळखीची वाटते. पण भूपाच्या ताना घालू नका प्लीज.

आणि संगीतकार म्हणून जॉन न्यूटन लिहू नका. न्यूटनचे फक्त शब्द, १७७९ च्या 'ऑल्नी हिम्स'मधले. चाल अनामिक अमेरिकन. शब्द आणि चाल यांचं लग्न लावलं विल्यम वॉकर यांनी, १८३५ च्या 'सदर्न हार्मनी'त.

रास्तापेठी_आल्टो

हे सोनं आहे. आता खोट्या कथांची यादी करू या का? माझ्याकडे तीन आहेत: ल्यूथरने गुत्त्यातल्या चाली उचलल्या, 'सायलेंट नाइट' ऑर्गन बिघडला म्हणून गिटारवर झालं, 'इट इज वेल'च्या संगीतकाराच्या मुली बुडाल्या.

जुनी_पेटी

तिन्ही काढा.

ल्यूथर: जर्मन गीतरचनेत 'बार' नावाचा एक बांधा आहे, दोन सारखी पदं आणि तिसरं वेगळं. ल्यूथरची 'आइन फेस्टे बुर्ग' तशीच बांधलेली आहे. 'बार' शब्दाचा पुढे कुणीतरी दारूचा बार केला. लौकिक गाण्यावरून भक्तिगीत झालंच नाही असं नव्हे. हान्स लिओ हासलर यांनी १६०१ मध्ये एका प्रेमगीताला चाल दिली होती. पुढे तीच चाल ख्रिस्ताच्या काट्यांच्या मुकुटाच्या गीताला लागली आणि बाखने ती 'मॅथ्यू पॅशन'मध्ये पुन्हापुन्हा वापरली. लावणीची चाल कीर्तनात ऐकलेल्या माणसाला याचा धक्का बसू नये.

सायलेंट नाइट: फ्रान्झ ग्रूबर हे आर्न्सडॉर्फ गावचे शाळामास्तर. योझेफ मोर यांचे शब्द १८१६ चे, चाल २४ डिसेंबर १८१८ ची, ओबर्नडॉर्फच्या चर्चमध्ये दोन आवाज आणि गिटार. ग्रूबरनी १८५४ मध्ये स्वतः लेखी हकिकत दिली, तीत ऑर्गन बिघडल्याचा उल्लेख नाही. उंदरांनी भाता कुरतडला वगैरे नंतरची भर.

इट इज वेल: मुली गेल्या त्या कवीच्या, स्पॅफर्ड यांच्या, नोव्हेंबर १८७३ मध्ये 'व्हिल द्यू आव्र' जहाज बुडालं तेव्हा. चाल फिलिप ब्लिस यांची, १८७६ ची, आणि तिचं नाव त्या जहाजावरूनच. ब्लिसही त्याच वर्षी २९ डिसेंबरला अ‍ॅश्टाब्यूलाचा रेल्वेपूल कोसळला त्यात गेले, वय ३८. दोन शोकांतिका आहेत, दोन माणसांच्या. लोक एकात एक मिसळतात.

चौथी मी घालतो: टायटॅनिकवर 'निअरर माय गॉड'. वाजलं की नाही हा वाद सोडा, पण या शब्दांना तेव्हा निदान तीन चाली प्रचारात होत्या. अमेरिकेत लॉवेल मेसन यांची 'बेथनी', इंग्लंडमध्ये डाइक्स यांची 'हॉर्बरी' आणि आर्थर सलिव्हन यांची 'प्रोपिओर डेओ'. म्हणून 'हीच ती चाल' असं म्हणून कुठलीही वाजवू नका.

ओवीकार

चालीशेजारच्या आकड्यांबद्दल कुणी बोललं नाही. मराठी गीतं निवडताना खरी मेख तिथेच आहे.

८.६.८.६ म्हणजे ओळीओळीतली अक्षरं. याला कॉमन मीटर म्हणतात. ८.८.८.८ लाँग, ६.६.८.६ शॉर्ट. आकडे जुळले की एका गीताचे शब्द दुसऱ्या चालीवर जातात. पुस्तकाच्या शेवटी वृत्तवार सूची असते ती त्यासाठीच. पण आकडे जुळणं पुरेसं नाही, आघातही जुळावा लागतो. ८.७.८.७ मध्ये काही गीतं जोरकस अक्षराने सुरू होतात, काही हलक्या. मोजणी तीच, पण अदलाबदल केलीत तर प्रत्येक ओळीत जोर नको त्या अक्षरावर पडेल.

मराठीत हा आघात शब्दात नसतो, आपल्याकडे लघु-गुरु. कॉमन मीटरची इंग्रजी ओळ हलक्या अक्षराने सुरू होते. तिथे मराठी भाषांतरात 'देवा'मधला 'दे' पडला की गुरु अक्षर उचलीच्या (समेआधीच्या) अर्ध्या जागेत कोंबलं जातं आणि 'वा' ताणला जातो. ऐकायला येतं 'दे-वाऽऽऽ'. ज्या भाषांतरकाराने ओळीची सुरुवात लघुने केली त्याची गीतं आजही सहज गायली जातात. 'उपासना संगीत' हे मराठी गीतपुस्तक उघडून भाषांतरित गीतांच्या नुसत्या पहिल्या अक्षरांवर बोट ठेवत जा, कुठली अडखळतात ते गाण्याआधीच कळेल.

आणि अभंग तर यात बसतच नाही. ६-६-६-४, एकूण २२. कॉमन मीटरला २८ लागतात. सहा अक्षरं कुठून आणणार? रेव्हरंड टिळकांनी (नारायण वामन, १८६१–१९१९) 'अभंगांजली' लिहिली, 'ख्रिस्तायन' ओवीत घेतलं, ते विलायती चालीत बसवण्यासाठी नव्हे. गंमत म्हणजे उलटा प्रवासही झाला. निकल मॅकनिकल यांनी टिळकांचं एक गीत इंग्रजीत नेलं ते कॉमन मीटरमध्ये, आणि स्कॉटिश चालीवर ते तिकडे गायलं गेलं.

भोचक

मग कार्यक्रमात टिळकांचं एक घ्याच. विलायती चालींच्या मधोमध एक अभंग, टाळ घेऊन. लोक जागे होतील.

खडकी_टेनर

कल्पना चांगली, पण मधोमध नको. पट्टी आणि ताल दोन्ही बदलणार, तबला पुन्हा लावायला वेळ जाणार. मध्यंतरानंतर पहिलं ठेवा.

शेवटचा_बाक

यादी फार व्हिक्टोरियन होतेय. जुने दोघं-तिघं घ्या.

लुई बुर्जवा: जिनिव्हात धर्मसुधारक केल्विनच्या काळातले. 'ओल्ड हंड्रेथ' ही चाल १५५१ च्या स्तोत्रसंग्रहातली, मुळात १३४ व्या स्तोत्राची. इंग्लंडात १०० व्याला लागली. 'ओल्ड' का? १६९६ मध्ये टेट आणि ब्रेडी यांचं नवं पद्य-स्तोत्रसंहिता आलं, म्हणून आधीच्या भाषांतरातलं ते 'जुनं शंभरावं'. त्याच १५५१ च्या डिसेंबरात बुर्जवांना परवानगीशिवाय चाली बदलल्या म्हणून तुरुंगात टाकलं. केल्विनने मध्ये पडून दुसऱ्या दिवशी सोडवलं. लोक जुन्या चाली पाठ करून बसले होते, त्यांची पंचाईत झाली. चाल बदलली की आपल्याकडे उपासनेनंतर बाहेर कुरकुर होते, तिकडे कोठडी.

फिलिप निकोलाई: जर्मनीतल्या उन्ना गावचे पाळक. १५९७ मध्ये प्लेग आला, गावात हजाराहून अधिक माणसं गेली. घरासमोरच्या दफनभूमीत रोज खड्डे. त्या दिवसांत लिहिलेलं पुस्तक १५९९ मध्ये छापलं, त्यात दोन गीतं, शब्द आणि चाल दोन्ही त्यांचंच: 'वाखेट आउफ' आणि 'वी शोन लॉइख्टेट'. एकही सूर रडका नाही. १८९७ चा प्लेग ज्या शहराच्या आठवणीत आहे तिथे याला दीड मिनिटही कमी पडेल.

मात्रामोजणी

वेल्श विसरू नका. जोसेफ पॅरी, मर्थर टिडफिलचे, नवव्या वर्षी खाणीत, मग लोखंडाच्या कारखान्यात. १८५४ मध्ये घरच्यांबरोबर अमेरिकेत. पुढे परत येऊन अ‍ॅबरिस्टविथच्या कॉलेजात संगीताचे पहिले प्राध्यापक. चालीचं नावही 'अ‍ॅबरिस्टविथ', १८७९ ची. मायनर आहे, आपल्या कानाला किरवाणीच्या जवळची. पेटीवाल्याने कोमल गंधार-धैवत नीट लावले पाहिजेत. शुद्ध नि दिसला की काही जण सवयीने गंधारही शुद्ध करतात आणि सगळी चाल आनंदी होऊन बसते.

दुसरे जॉन ह्यूज (१८७३–१९३२), रेल्वेच्या कचेरीतले कारकून. 'क्वुम रोंडा' त्यांची, १९०७. याच नावाचे दुसरे जॉन ह्यूज त्याच काळात होऊन गेले, 'कालोन लान'वाले. नेटवरून चरित्र उचलताना जन्मसाल तपासा.

बायकांपैकी फीबी नॅप (१८३९–१९०८). 'ब्लेसेड अ‍ॅशुअरन्स'ची चाल आधी त्यांनी केली, कवयित्री फॅनी क्रॉस्बींना वाजवून दाखवली आणि शब्द नंतर आले. आपल्या सिनेमात चालीवर शब्द लिहितात तसं.

रास्तापेठी_आल्टो

पेटीवर चार आवाजांचं काय करू? सगळ्यांच्या हातात चार ओळींची छापील प्रत आहे.

जुनी_पेटी

एक हात भात्यावर, म्हणजे पाच बोटंच उरली. छापील चारही सूर दाबायला जाऊ नका, हवा पुरत नाही आणि चाल बुजते. उजव्या हाताने सोप्रानो आणि आल्टो, म्हणजे वरचे दोन आवाज. बास (सगळ्यात खालचा आवाज) गाणारे चार जण पेटीच्या बाजूला उभे करा, त्यांना आधार लागतो. कपलर (दोन सप्तकं जोडणारी खुंटी) पहिल्या कडव्याला बंद, शेवटच्याला चालू.

सलिव्हनची 'सेंट गर्ट्रूड' (ऑनवर्ड ख्रिश्चन सोल्जर्स, चाल १८७१) या अवस्थेत जपून. सुरुवातीची चार अक्षरं एकाच स्वरावर, पंचमावर आहेत. मजा सगळी खालच्या बासच्या हालचालीत. बासवाले आले नाहीत तर पेटीवर नुसता प प प प ऐकू येईल. त्या दिवशी चार बास नसतील तर ही वगळा.

त्याऐवजी टॅलिस. थॉमस टॅलिस, चार राजवटी पाहिल्या: आठवा हेन्री, सहावा एडवर्ड, मेरी, एलिझाबेथ. धर्म दर वेळी बदलला, हा मनाने कॅथलिक राहिला आणि चौघांच्याही दरबारी चॅपलमध्ये गात राहिला. 'टॅलिसेस कॅनन' त्यांनी आर्चबिशप पार्करच्या स्तोत्रसंहितेसाठी लिहिलेल्या नऊ चालींपैकी एक. साथ लागतच नाही. सोळा जणांचे दोन गट करा. पहिल्या गटाच्या चार मात्रा झाल्या की दुसऱ्याने पहिल्यापासून सुरू करायचं, तीच चाल. पहिला गट आधी संपेल. त्याने शेवटचा स्वर धरून ठेवायचा, दुसरा पोहोचेपर्यंत. हे आधी सांगून ठेवा, नाहीतर पहिला गट खाली बसतो.

रास्तापेठी_आल्टो

लिहून घेतलं. बास चारही येणार आहेत, त्यामुळे 'सेंट गर्ट्रूड' ठेवतेय. निवेदनात 'संत गर्ट्रूड यांच्या स्मरणार्थ रचलेली चाल' असं टाकलंय, बरोबर ना?

शेवटचा_बाक

नाही हो! खोडा ते. गर्ट्रूड म्हणजे गर्ट्रूड क्ले-केर-सेमर. सलिव्हन त्यांच्या घरी पाहुणे असताना चाल झाली, म्हणून यजमानीणबाईंना गमतीने संतपद दिलं.